बँकॉकची सहल स्वस्त. मग पॅकेज महाग का?

बीडहून बँकॉकला जाणाऱ्यांचे बजेट अनेकदा तिथे नव्हे, इथेच कोलमडते. जे फुकट आहे, त्याचेही पैसे घेतले जातात. म्हणून पॅकेज घेताना प्रत्येक रक्कम कशाची, हे विचारायलाच हवे.

व्हिसा : थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली. जुलै 2024 मध्ये मुदत 60 दिवस केली. नियम बदलतात, म्हणून तिकिटाआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. माफी असेल तर ‘व्हिसा चार्ज’ कसला?

आगमन कार्ड : 1 मे 2025 पासून हे ऑनलाइन भरावे लागते. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे, शुल्क शून्य. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे.

प्रवास : सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात रेल्वे जाते. चाओ फ्राया नदीतली प्रवासी बोट टॅक्सीपेक्षा स्वस्त, शिवाय ट्रॅफिकमध्ये अडकत नाही.

जेवण : शाकाहारींनी ‘जे’ हा थाई शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो दिसतो. या जेवणात मांस, अंडी नसतात, कांदा-लसूणही नसतो. फाहुरात भागात भारतीय जेवण मिळते, तिथल्या गुरुद्वारात लंगरही असते.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. ही माफी फिरण्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही. ‘डेटा एंट्री’चे आमिष दाखवून भारतीय तरुणांना बँकॉकमार्गे म्यानमारमधील सायबर गुन्हेगारांच्या अड्ड्यांवर नेले गेले आहे. कामासाठी गाव सोडावे लागणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे घरोघरी सांगायला हवे. कुणी फुकट तिकीट देत असेल, तर आधी पोलिसांना विचारा.