खारे पाणी आणि छोटा कॅमेरा

सुट्टी लागली की कोल्हापूरची कितीतरी कुटुंबे घाट उतरून कोकणात जातात आणि कुणाचा ना कुणाचा कॅमेरा समुद्रात पडतो. मग घरी येऊन तो तांदळाच्या डब्यात पुरला जातो. वाचकांनी हा उपाय सोडून द्यावा. तांदूळ ओलावा फार मंद शोषतो, मीठ तर मुळीच काढीत नाही. वर त्याची भुकटी फटींत शिरते ती वेगळीच.

पंचगंगेच्या पुरात भिजलेल्या वस्तूचा शत्रू गाळ. समुद्रात पडलेल्या वस्तूचा शत्रू क्षार. एक लिटर समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. बॅटरी आत असेपर्यंत सर्किटवरील तांब्याच्या सूक्ष्म रेषा झपाट्याने झिजू लागतात. पाणी आटले तरी मीठ आतच राहते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेतून पुन्हा ओल ओढून घेते. कॅमेरा वाळला म्हणजे वाचला, असे नव्हे.

म्हणून किनाऱ्यावरच बॅटरी व कार्ड बाहेर काढावे. ‘चालतो का पाहू’ म्हणून बटण दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फुगलेली किंवा गरम झालेली बॅटरी पुन्हा वापरू नये. त्यानंतर कॅमेरा गोड्या पाण्यात दोन-तीनदा पाणी बदलून बुडवावा. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. पण समुद्रात बुडून आलेल्याला बादलीचे भय ते कसले? शेवटचे धुणे इन्व्हर्टरसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने करावे. पुढचे काम, म्हणजे कॅमेरा उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट पुसण्याचे, कारागिराचे. ते द्रव्य चटकन पेट घेते आणि फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही जबर धक्का देण्याइतकी वीज उरलेली असू शकते.

एवढे करूनही कॅमेरा वाचेलच असे नाही. छायाचित्रे मात्र बहुधा वाचतात. आमच्या मंगळवार पेठेतील एका घरी कॅमेऱ्याचा नाद सर्वांनी सोडला होता. पण सूनबाईंचा जीव कार्डात अडकला होता. आजेसासूबाईंचे अखेरचे फोटो त्यातच होते, दुसरी प्रत कुठेही नव्हती. कार्डातील स्मृतिचिप घट्ट प्लास्टिकमध्ये बंदिस्त असते, वरच्या संपर्कपट्ट्यांना सोन्याचा मुलामा असतो. कार्ड गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून रीडरमध्ये घातले आणि आजी पडद्यावर आल्या. कॅमेरा मात्र गेला तो गेलाच.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः चलच्चित्र-कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तिथे आज चांगल्या कारागिरालाही छोटा डिजिटल कॅमेरा परवडेल अशा खर्चात दुरुस्त करता येत नाही, याची खंत वाटते. लाकूड आणि पितळ उघडता येत होते. इथे सगळेच एकात एक चिकटवलेले.

जुना रीळाचा कॅमेरा असेल तर नियम नेमका उलटा. भिजलेले रीळ वाळू देऊ नये. वाळले की थर एकमेकांना चिकटतात. ते अंधारातच, गोड्या पाण्याने भरलेल्या बंद डब्यात घालून लवकरात लवकर धुलाईला द्यावे. 1915 मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फात ‘एन्ड्युरन्स’ जहाज चिरडले गेले, तेव्हा छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी बर्फाळ पाण्यात उतरून आपल्या काचांच्या निगेटिव्हचे डबे वर काढले. ते डबे डाख देऊन बंद केलेले होते, म्हणून काचा शाबूत राहिल्या. वजन वाहून नेणे अशक्य असल्याने त्यांतील निवडक तेवढ्या ठेवून उरलेल्या शेकडो त्यांनी तिथेच फोडून टाकल्या, पुन्हा मन मागे वळू नये म्हणून.