कानापर्यंत पोहोंचणारा सूर

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा कज्जा उत्पन्न झाला व तो निवाड्यासाठीं माझ्यापुढें आला. फिर्यादी आमची नात. ती महाविद्यालयांत जाते व सहा वर्षांपासून गायन शिकत आहे. तिचें म्हणणें असें कीं, आपल्या मोबाईलवर हेडफोन लावून गाणें ऐकिलें असतां तें पोकळ व कर्कश लागतें. तंबोऱ्याचा खर्ज तर ऐकूंच येत नाहीं. सबब नवा, भारी किंमतीचा मोबाईल मिळावा. प्रतिवादी तिचे वडील. त्यांचें म्हणणें, आहे त्या मोबाईलला अद्याप दोन वर्षेंहि झालेलीं नाहींत, आणि नव्याची किंमत म्हणजे घरांतील तीन महिन्यांचा किराणा.

“आजोबा, मीं दुकानांत स्वतः ऐकून पाहिलें. त्या मोबाईलवर तेंच गाणें कितीतरी भरदार वाटलें,” असा नातीनें पुरावा दिला. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, “मामंजी, मोबाईलचें काय तें तुम्ही ठरवा, पण हल्लीं रात्रीं निजल्यावर कानांत गुणगुण होते असें ती म्हणते, तें मला बरें दिसत नाहीं.” हें शेवटचें वाक्य त्या वेळीं कोणीच मनावर घेतलें नाहीं. मीहि घेतलें नाहीं.

विद्युत्-शास्त्रांत माझी गति नाहीं. तथापि कार्य दिसल्यावर त्याचें कारण क्रमानें शोधावें, एवढा न्यायशास्त्राचा संस्कार अजून उरला आहे. चार-आठ दिवस वाचन केलें, जाणत्यांस विचारलें, आणि जें समजलें तें आमच्या नेवाशाच्याच दृष्टान्तानें सांगतों.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, येथें प्रवरेच्या कांठीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून श्रीज्ञानदेव बोलले, तो आजहि येथें पूजिला जातो. सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली असें परंपरा सांगते. पुढें प्रतीवरून प्रति होत गेल्या, लेखकांचे प्रमाद साचत गेले, व अखेर शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं ग्रंथाचें शुद्धीकरण केलें. सांगणारा, लिहिणारा, प्रत करणारा, वाचणारा व ऐकणारा अशी ही साखळी आहे. कोणत्याहि एका ठिकाणीं जें गळलें, तें पुढील माणूस कितीहि शहाणा असला तरी आपल्या पदरचें घालून भरूं शकत नाहीं. मोबाईलवरील गाण्याचें नेमकें असेंच आहे. फरक इतकाच कीं, येथें सहा कड्या आहेत: मूळ ध्वनिमुद्रण, त्याची सांठवलेली प्रत, आंकड्यांचा ध्वनि करणारें यंत्र, त्याला बळ देणारा ॲम्प्लिफायर, हेडफोन, आणि शेवटीं कान.

पहिली कडी मूळ मुद्रणाची. इ. स. १९०२ मध्यें कलकत्त्यास गोहरजानचें गायन मुद्रित झालें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे. विजेच्या साह्यानें मुद्रण करण्याची पद्धति इ. स. १९२५ पासून सुरू झाली. त्यामुळें त्या जुन्या तबकड्यांत अगदीं खालचे व अगदीं वरचे नाद उमटलेलेच नाहींत. अशा तबकडीसाठीं लाखाचा हेडफोन आणला तरी तो खरखर मात्र अधिक स्पष्ट ऐकवील.

दुसरी कडी प्रतीची. ध्वनीची लाट ठराविक अंतरानें मोजून तिचे आंकडे लिहावयाचे, ही आजची पद्धति. कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें हें मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळां होतें व दर सेकंदास सुमारें १४ लक्ष ११ हजार बिटें खर्चीं पडतात. एवढा पसारा नको म्हणून कानास सहसा न जाणवणारा भाग गाळून लहान प्रत करतात. ती सेकंदाला ३ लक्ष २० हजार बिटांची असली, तर मूळ व प्रत यांतील भेद बहुतेकांस ओळखतां येत नाहीं. परंतु ‘डेटा वांचवा’ ही सोय चालू ठेविली, तर याहून पुष्कळच कृश प्रत येते. मग झांजेचा व तंबोऱ्याचा नाद पाण्यांतून आल्यासारखा लागतो. यास उपाय फुकट आहे: गाण्याच्या ॲपमध्यें जाऊन उत्तम प्रत मागावी.

तिसरी व चौथी कडी मोबाईलच्या पोटांतली, आणि सगळा घोंटाळा येथेंच आहे. हेडफोन तारेचा असेल, तर आंकड्यांचा नाद करण्याचें काम मोबाईल करतो, किंवा मोबाईलला तारेचें भोंक नसल्यास बहुधा मधला लहान ॲडॉप्टर करतो. इ. स. २०१६ मध्यें ‘ॲपल’नें आपल्या नव्या आयफोनमधून हें भोंक काढून टाकलें व पुढें इतर अनेकांनीं तोच कित्ता गिरविला. परंतु हेडफोन बिनतारी असेल, तर हीं दोन्ही यंत्रें हेडफोनच्याच पोटांत असतात. मोबाईल तेथें केवळ निरोप्या! तो ब्लूटूथनें आंकडे पाठवितो. त्याहि वेळीं आंकडे पुन्हा दाबून लहान करावे लागतात. सर्वांजवळ असणारी ‘एसबीसी’ पद्धति सेकंदास सामान्यतः सव्वातीन लक्ष बिटें नेते. ‘एलडॅक’ पद्धति ९ लक्ष ९० हजारांपर्यंत नेऊं शकते, मात्र ती मोबाईल व हेडफोन या दोघांसहि अवगत असली पाहिजे. सारांश, जो बिनतारी हेडफोन वापरतो, त्यानें आवाजासाठीं भारी मोबाईल घेणें म्हणजे पत्रांतील अक्षर सुधारावें म्हणून टपालवाला बदलणें होय.

तारेच्या हेडफोनबाबत मात्र एक गोष्ट पाहावी. त्यावर ‘ओहम’ या मापानें विद्युत्-विरोध लिहिलेला असतो. १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन कोणताहि मोबाईल सुखानें चालवितो; गायनशाळेच्या मुद्रणगृहांतील २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला त्याचें बळ बहुधा अपुरें पडतें व आवाज क्षीण येतो. एरवीं आजच्या साधारण बऱ्या मोबाईलमध्यें या दोन कड्यांची चूक हजारांत एका भागाहूनहि कमी असते व ती कानास कळत नाहीं.

पांचवी कडी हेडफोनची. त्याच्या आंत एक पातळ पडदा असतो व पडद्यास बारीक तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें. लोहचुंबकाजवळील त्या वेटोळ्यांतून वीज खेळली कीं पडदा हलतो व नाद उठतो. एकाच पडद्यानें सेकंदाला साठ वेळांहि हलावें आणि पंधरा हजार वेळांहि, शिवाय आपल्या मनचें कांहीं मिसळूं नये, अशी ही अपेक्षा. वीज आज्ञाधारक असते. पडदा, गादी व पोकळी हीं जड वस्तु तशीं नसतात. म्हणून सर्वांत ठळक दोष याच कडींत उत्पन्न होतात. याची परीक्षा पाहावयास तंबोऱ्यासारखें दुसरें साधन नाहीं. मिरजेच्या कारागिरांच्या तंबोऱ्यास इ. स. २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तें उगीच नव्हे. घोडीवर तारेखालीं सरकविलेल्या बारीक दोऱ्यानें जवारी लागते, आणि एका तारेंतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर उमलूं लागतात. चांगल्या हेडफोनमध्यें हे सर्व वेगळे कळतात. वाईटांत एक मधमाशांचें मोहोळ ऐकूं येतें. काळी चारमध्यें गाणाऱ्या स्त्रीच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारें १०४ कंपनांचा असतो. नातीचा हरवलेला खर्ज तो हाच.

आतां निवाडा. अन्वय व व्यतिरेक हें आपलें जुनें शस्त्र. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कारण सांपडतें. घरांतील दोन मोबाईल व दोन हेडफोन मांडून बसलों. आरंभीं दोन्हीकडचा आवाज सारखा करून घेतला. कारण किंचित् मोठा आवाज कानास नेहमींच अधिक चांगला भासतो, व दुकानांत पुष्कळांची फसगत होते ती येथेंच. मग एकच हेडफोन दोन्ही मोबाईलला जोडला. नातीला भेद सांगतां येईना. नंतर मोबाईल तोच ठेवून हेडफोन बदलला, तों जमीनअस्मानाचा फरक! तेव्हां तिला आठवलें कीं, दुकानांत मोबाईलबरोबर हेडफोनहि दुकानदाराचाच होता, कान पूर्ण झांकणारा. तिनें एकदम दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि यश मोबाईलला दिलें होतें.

इतक्यानें फिर्याद निकालांत निघाली असती. परंतु मीं तिला तिचा कानांत बसणारा बिनतारी हेडफोन बोटानें किंचित् आंत दाबून धरावयास सांगितलें. ती चमकली. “आजोबा, खर्ज आला!” बोट काढलें कीं गेला, दाबलें कीं आला. हेडफोन वाईट नव्हता. कानांत नीट बसतच नव्हता. कानाच्या भोंकांत जरा फट राहिली कीं खालचे नाद त्या वाटेनें निसटून जातात व वरचे तेवढे उरतात. म्हणून गाणें पोकळ व कर्कश लागतें. अशा हेडफोनबरोबर रबराच्या टोप्या लहान, मध्यम व मोठ्या अशा तीन मापांच्या येतात. तिनें वापरल्या त्या जशा बसवून आल्या तशाच, आणि उरलेल्या चार टोप्या कपाटांत डब्यांत पडून होत्या. उजव्या कानास मोठी व डाव्यास मध्यम बसली. दोन कान एका मापाचे असतातच असें नाहीं, हेंहि मला त्या दिवशीं कळलें.

मग मला सूनबाईंचें तें वाक्य आठवलें. नातीस विचारलें, “खर्ज ऐकूं येत नसे, तेव्हां तूं काय करीत होतीस?” ती म्हणाली, “आवाज वाढवीत होतें.” म्हणजे निसटलेला नाद परत यावा म्हणून ती सगळाच आवाज वाढवी, खर्ज कांहीं येत नसे, वरचे स्वर मात्र दुप्पट जोरानें कानांत शिरत. रोज दोन-तीन तास, सुमारें वर्षभर. रात्रींची गुणगुण तेथून आलेली होती.

वाचकहो, हा विषय चैनीचा नव्हे असें मला तेव्हां उमजलें. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसासाठीं ८० डेसिबल आवाज आठवड्यांत ४० तास ही मर्यादा घातली आहे. पुढें दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. मुलांसाठीं तर मर्यादा ७५ डेसिबलवरच आहे. अंतःकर्णांत नाद टिपणाऱ्या केशपेशी एका कानांत सुमारें पंधरा हजार असतात, व मेलेली पेशी मनुष्यास पुन्हा येत नाहीं. नातीस कानाच्या वैद्यांकडे नेलें. त्यांनीं तपासून सांगितलें कीं वेळेवर आलांत, अजून हानि दिसत नाहीं. कांहीं दिवस हेडफोन बंद ठेवा. तीन आठवड्यांनीं गुणगुण थांबली.

म्हणून ज्यांच्या घरीं अशी तक्रार असेल, त्यांनीं खर्चाचा क्रम उलटा धरावा. प्रथम टोप्या बदलून पाहाव्या, मग ॲपमधील प्रत उत्तम करावी, मग बऱ्यापैकीं हेडफोन घ्यावा, मोबाईल शेवटीं. आणि बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठीं आवाज चढवूं नये. कान नीट बंद होईल असें करावें, किंवा गोंगाट थांबेपर्यंत गाणें थांबवावें. रस्त्यानें चालतांना मात्र कान मोकळेच असूं द्यावे.

सहाव्या कडीचें सांगावयाचें राहिलें. त्याच संध्याकाळीं नातीनें मोबाईलवर उंच नाद वाजवून माझीहि परीक्षा घेतली. आठ हजार कंपनांचा मला अंधुक ऐकूं आला. बारा हजारांचा मुळींच नाहीं. तिला पंधरा हजारांचाहि स्वच्छ ऐकूं येत होता. वयोमानानें हें सर्वांचेंच होतें. मग तिनें तंबोरा लावून एक हेडफोन माझ्या कानांत, एक स्वतःच्या, असा ठेविला व म्हणाली, “आजोबा, जवारीच्या अगदीं वर एक बारीक झंकार आहे, तो ऐका.” मला तो ऐकूं आला नाहीं. तें मीं तिला खरें सांगितलें. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग न सांगतां तिनें मोबाईल हातीं घेऊन आवाज दोन पायऱ्या खालीं आणला.