रानपिंगळ्याला पेलेल एवढेच

मुमताजची पहिली कबर म्हणून बुऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादचा आहुखाना साऱ्यांना ठाऊक असतो. याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या सागवानी रानात रानपिंगळा राहतो, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. 1884 नंतर हा पक्षी नाहीसा झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. मध्ये 113 वर्षे गेली.

तो रानात नेमका कुठे वावरतो हे कळण्यासाठी उपग्रहाने त्याचा माग काढता येईल का? अडचण वजनाची आहे. पक्ष्याच्या अंगावरचे यंत्र त्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांपुढे जाऊ नये, असा संकेत आहे. अडीचशे ग्रॅमच्या पिंगळ्याला म्हणजे जेमतेम साडेसात ग्रॅम. हे अशक्य नाही. 2013 मध्ये नागालँडमधल्या तीन अमूर ससाण्यांना पाच-पाच ग्रॅमची सौरयंत्रे बसवली आणि त्यांचा आफ्रिकेपर्यंतचा प्रवास दिसला.

पण पिंगळा स्थलांतर करत नाही. आपले रान धरून बसतो. त्यामुळे त्याच्याबाबत हजारो किलोमीटरची रेषा नको, नेमकी ढोली आणि शिकारीची जागा हवी. म्हणून जीपीएस असलेलेच यंत्र घ्यावे, तेही मोजक्या पक्ष्यांना, निष्णात हातांनी. मिळालेली ठिकाणे जंगलतोडीच्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहावीत. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्याच नेपानगर परिसरात 2022-23 मध्ये झाडे कशी तोडली गेली, हे आपण पाहिले आहे. जुना, ढोलीचा साग पडला की पिंगळ्याचे घरटेच जाते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या वनखात्यांनी हे काम एकत्र हाती घ्यावे. ढोल्यांची ठिकाणे मात्र गुप्त ठेवावीत.