पाटी एक, धडे वेगळे

निकाल लागले की आमच्या बेटावरील मराठी घरांतून एकच प्रश्न निघतो : मुलांना पुढे काय शिकवावे? अलीकडे 'इन्फर्मेशन सिस्टिम्स' हे नाव वारंवार कानी येते. रेद्वीच्या मॉरिशस विद्यापीठात हा विषय आहे. दोह्याला कार्नेगी मेलन या अमेरिकन विद्यापीठाची शाखा २००४ साली निघाली, तेथेही तो शिकवितात. अल मुंतझासारख्या दोह्याच्या वस्तीत बिऱ्हाड केलेल्या आपल्या नातलगांना तर ही पदवी घरबसल्या मिळण्याजोगी आहे.

परंतु पदवीचे नाव एक म्हणून आतील शिक्षणही एकच, असे आमच्या वाचकांनी समजू नये. असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेने १९७२ पासून या विषयाचे नमुना अभ्यासक्रम सुचविले आहेत. तो नमुना कायदा नव्हे. विद्यापीठे तो आपल्या सोयीने, आपल्याकडील अध्यापक पाहून स्वीकारतात. शिवाय नमुनाही बदलत असतो. २०१० च्या आराखड्यात सात विषय आवश्यक होते व प्रोग्रॅमिंग ऐच्छिक केले होते. २०२० च्या आराखड्याने ते पुन्हा आवश्यक केले. संगणकसुरक्षा, नीतिविचार व प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांनाही आवश्यक भागात स्थान दिले. म्हणजे जे महाविद्यालय जुन्या आराखड्यावर थांबले असेल, तेथील पदवीधराला प्रोग्रॅम लिहिता येईलच असे नाही. पदवीचे नाव मात्र तेच!

भारतातही हा विचार चालू आहे. २०२४-२५ पासून बी.सी.ए.चे शिक्षण अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि परिषदेने त्यासाठी नमुना अभ्यासक्रम काढला.

आमच्या वाडवडिलांनी उसाच्या मळ्यांत घाम गाळून मुलांना शाळेत घातले. त्या घामाचा पैसा नुसत्या नावावर घालवू नये. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : अभ्यासक्रम कोणत्या सालच्या आराखड्यावर बेतला आहे, आवश्यक विषय कोणते, आणि उमेदवारी कोठे व किती महिने. विचारण्यात कमीपणा कसला? ज्या घरात कोणी विद्यापीठात गेलेले नाही, त्यांच्या मदतीला आमच्या मराठी मंडळांनी एक संध्याकाळ द्यावी. शिकून आलेल्या मुलामुलींनी तेथे बसून अभ्यासक्रम वाचून दाखवावा.

बाजारात आपण भाजीसुद्धा हाताळून घेतो. मुलांची चार वर्षे तर त्याहून कितीतरी मोलाची आहेत.