माडाची कार्यक्षमता आणि सोळा रुपयांची दया

सरकारने शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम ठेवली की तो आळशी बनतो, बागेकडे दुर्लक्ष करतो आणि शेतीची कार्यक्षमता घसरते, असा सिद्धांत भांडवली अर्थपंडित मोठ्या गांभीर्याने मांडत असतात. केरळातील नारळ-उत्पादकाकडे बोट दाखवणे त्यांना विशेष आवडते. हा सिद्धांत वस्तुस्थितीच्या कसोटीवर घासून पाहिलाच पाहिजे.

२०१९ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीने शेतकरी कुटुंबास वर्षाकाठी ६,००० रुपये देऊ केले. म्हणजे दिवसाला जेमतेम सोळा रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात देशी कंपन्यांवरील कराचा दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्याची मुभा देण्यात आली. त्या सवलतीने कारखानदार आळशी झाले काय, हा प्रश्न मात्र या पंडितांना कधी पडत नाही!

केरळात माडामागे येणारे उत्पन्न कमी आहे, हे खरे. परंतु त्याचे कारण आळस नव्हे. बागा तुकड्या-तुकड्यांच्या, झाडे जुनी, आणि दक्षिणेकडील जिल्ह्यांत 'रूट विल्ट' रोगाने शंभराहून अधिक वर्षे ठाण मांडलेले. उपाय ज्ञात आहे: रोगट माड तोडून नवी, रोगाला तोंड देणारी रोपे लावणे. पण उंच जातीचा माड फळाला येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तेवढा काळ घरची चूल कशावर पेटावी? म्हणून छोटा उत्पादक मरणपंथाला लागलेला माडही राखतो. हा दारिद्र्याने लादलेला हिशेब आहे. त्या वर्षांत उत्पन्नाची हमी मिळाली, तर कार्यक्षमता वाढेलच.

याचा अर्थ सरकारी निधीची आरती ओवाळावी, असा मुळीच नाही. हा निधी जमिनीच्या दप्तरातील नाव पाहतो, घाम पाहत नाही. दुसऱ्याच्या बागेत तोंडी कराराने कसणारा आणि जीव धोक्यात घालून माडावर चढणारा मजूर, दोघेही त्याच्या कक्षेबाहेर राहतात. पुनर्लागवडीशी त्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय रोख रक्कम ही भावाची जागा घेऊ शकत नाही. २०२२ साली दळणाच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला १०,५९० रुपये असताना केरळातील बाजार त्याच्या खाली गेला. उलट २०२५ मध्ये भाव कडाडले, तेव्हा रोगट बागवाल्यांकडे विकायला नारळच थोडे होते.

म्हणूनच कष्टकऱ्यांची मागणी स्पष्ट असली पाहिजे: मदत कसणाऱ्याला व राबणाऱ्याला मिळावी, नवा माड फळाला येईपर्यंत मिळावी, आणि तिच्या जोडीला हमीभावाने खरेदी व सहकारी तेलगिरण्या असाव्यात. कार्यक्षमतेचे धडे सोळा रुपये फेकणाऱ्यांनी देऊ नयेत. ती वाढवण्याची ताकद माड लावणाऱ्या हातांतच आहे.