कमावलेली आवड आणि तिचा माज

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. ही म्हण ज्यानं केली त्याला कारलं आवडत नसणार, हे उघड आहे. आमच्या अम्मीला कारल्याचा कडवटपणाच हवा असतो. मीठ चोळून, पिळून पाणी काढलेलं कारलं तिला चालत नाही. "फिर करेला लाये काहे को?" असा तिचा सवाल असतो. लहानपणी आम्ही भावंडं ती भाजी ताटाच्या कडेला सारायचो. आज मी तीच मागून घेतो. इतक्या वर्षांत कारलं होतं तसंच राहिलं, जीभ तेवढी बदलली.

संगीतातलं माझं कारलं म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुणांना तीन मिनिटांचं रॉक गाणं अपुरं वाटू लागलं. त्यांनी त्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, चर्चचा ऑर्गन, लोकगीतं असं सगळं आणून ओतलं. गाणी लांबली, मात्रांचे हिशेब अवघड झाले. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९मध्ये आला. पुढच्या चार-पाच वर्षांत येस, जेनेसिस, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर, पिंक फ्लॉइड यांनी या प्रकाराचा कळस गाठला. पहिल्याच ऐकण्यात गोड लागेल असं त्यात थोडंच आहे.

मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा हॉस्टेलमधल्या एका सीनिअरनं मला येसचं 'क्लोज टू द एज' ऐकवलं. १९७२चा अल्बम. त्यात गाणी तीनच, आणि पहिलंच गाणं जवळपास १९ मिनिटांचं. सुरुवातीला पाण्याचा खळखळाट, पाखरांचा किलबिलाट, आणि मग एकदम सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून आल्यासारखा गोंधळ. मी पाचव्या मिनिटाला हेडफोन काढून ठेवला. सीनिअर म्हणाला, "दहा वेळा ऐक, मग माझ्याशी बोल."

मी हट्टानं ऐकलं. चौथ्या-पाचव्या वेळी ख्रिस स्क्वायरचा बेस वेगळा ऐकू यायला लागला. मग त्या गोंधळातून एक धून डोकं वर काढते आणि पुढं वेश बदलून परत येते, हे कळलं. मधला संथ भाग येतो, ऑर्गन घुमतो, आणि शेवटी पुन्हा तेच पाणी, तीच पाखरं. दहाव्या वेळी मला वाटलं, एखाद्या अनोळखी गावात आठवडाभर राहिल्यावर गल्ल्या ओळखीच्या व्हाव्यात, तसं झालंय. तो आनंद खरा होता. आजही आहे.

पण त्या आनंदाबरोबर आणखी एक गोष्ट माझ्यात शिरली, तिच्याबद्दल मला लिहायचंय. ती म्हणजे माज. मी कष्ट करून ही आवड कमावली, म्हणजे ज्यांनी कष्ट केले नाहीत ते माझ्यापेक्षा कमी, असा साधा हिशेब मी मांडला.

त्याचा पहिला फटका माझ्या धाकट्या भावाला बसला. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा तो मोठ्या उत्साहानं म्हणाला, "भाईजान, मी पण जेनेसिस ऐकतो आता." त्याच्याकडं 'इनव्हिजिबल टच' होता, १९८६चा. फिल कॉलिन्सच्या काळातलं जेनेसिस, रेडिओवर वाजणारं, गुणगुणता येणारं. मी हसलो. त्याच्या दोस्तांसमोर म्हणालो, "हे जेनेसिस नाही, हे जेनेसिसचं थडगं आहे." खरं जेनेसिस म्हणजे पीटर गॅब्रिएलचं, १९७२-७३चं, वगैरे भाषण दिलं. तो काही बोलला नाही. त्यानंतर माझ्यासमोर त्यानं गाणं लावणं बंद केलं. एका खोलीत झोपायचो, तर तो कानात इअरफोन घालून भिंतीकडं तोंड करायचा.

मी त्याला जे सांगितलं त्यात वस्तुस्थितीचाही घोटाळा होता. फिल कॉलिन्स जेनेसिसमध्ये आला १९७०मध्ये, ड्रमर म्हणून. ज्या 'फॉक्सट्रॉट' अल्बमची मी पूजा करत होतो, त्यातल्या 'सपर्स रेडी' या सुमारे २३ मिनिटांच्या रचनेत नऊच्या मात्रांचा जो अवघड तुकडा आहे, तिथं ड्रम्सवर हाच माणूस आहे. १९७५मध्ये गॅब्रिएल बाहेर पडल्यावर तो गायला पुढं आला. त्याच काळात ब्रँड एक्स नावाच्या जॅझ-फ्यूजन बँडमध्येही तो वाजवत होता. म्हणजे अवघड आणि सोपं, दोन्ही एकाच माणसाच्या हातात सुखानं नांदत होतं. भांडण होतं ते आमच्यासारख्या श्रोत्यांचं.

अशी आणखी उदाहरणं आहेत. प्रोग्रेसिव्ह रॉकचा शत्रू म्हणून पंककडं बोट दाखवलं जातं. सेक्स पिस्टल्सचा जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर 'आय हेट' असं लिहून फिरायचा, ही गोष्ट सगळे सांगतात. पण याच रॉटननं १९७७मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्ड लावल्या, तेव्हा त्यात पीटर हॅमिल होता. हॅमिल म्हणजे व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा गायक, प्रोग्रेसिव्ह रॉकमधला सगळ्यात कडू आवाज म्हणावा असा. माणसाच्या आवडीनिवडी त्याच्या झेंड्याचं ऐकत नाहीत, हे यावरून दिसतं.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. दहा वेळा ऐकून जी आवड तयार होते, ती खरी आवड की निव्वळ सवय? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. लोकांना अर्थहीन शब्द, अनोळखी चिन्हं, परक्या चेहऱ्यांचे फोटो पुन्हा पुन्हा दाखवले, तर जे जास्त वेळा पाहिलं ते जास्त बरं वाटतं, असं त्यानं दाखवलं. यात समजण्याचा काही संबंध नाही. नुसती ओळख पुरते. हे वाचून माझी थोडी पंचाईत झाली. मग मी 'क्लोज टू द एज' समजून घेतलं, की नुसता त्याला सरावलो?

यावर मी स्वतःपुरती एक कसोटी लावली. ती अशी. वर्ष-दोन वर्षं एखादी रेकॉर्ड ऐकायची नाही. मग एकटं असताना, कुणाला सांगायचं नाही असं ठरवून ऐकायची. ओढ वाटली तर आवड आपली. नुसतं कौतुक वाटलं तर ती परीक्षेसाठी केलेली घोकंपट्टी.

या कसोटीला माझी निम्मी रेकॉर्ड पडली, हे कबूल करायला हरकत नाही. येसचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा १९७३चा जोडअल्बम घ्या. दोन रेकॉर्ड, चार बाजू, चारच रचना. जॉन अँडरसनला ही कल्पना परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली. आपल्याकडच्या पुस्तकातून निघालेली म्हणून मी ती रेकॉर्ड फार जिव्हाळ्यानं ऐकायला घेतली. वीसेक वेळा ऐकली. मला ती कळते. ती आवडत नाही. इमर्सन लेक अँड पामरच्या 'टार्कस'चंही तसंच. हातांची करामत थक्क करते, मन कोरडं राहतं. उलट हॅमिलचा आवाज मला पाच-सहा वर्षं सहन होत नव्हता. आज रात्री उशिरा दुसरं काही नको असतं. किंग क्रिम्सनच्या १९७४च्या 'रेड'ला तर कमवावंच लागलं नाही, पहिल्या झटक्यात ते आत गेलं. असं का, याचं उत्तर मेहनतीत सापडत नाही.

जेंटल जायंट नावाच्या बँडनं १९७१मध्ये आपल्या दुसऱ्या अल्बमचं नावच 'अ‍ॅक्वायरिंग द टेस्ट' ठेवलं होतं. लोकप्रियता गेली तरी चालेल, पण पॉप संगीताच्या सीमा रुंदावायच्या, असा त्यांचा जाहीर इरादा त्या कव्हरवरच छापलेला होता. कव्हरवर एक जीभ काहीतरी चाटताना दिसते. समोरून चित्र अश्लील वाटतं. कव्हर उलगडलं की कळतं, ते पीच नावाचं फळ आहे. हा विनोद मला आवडतो, कारण त्यांच्या संगीताचंही तसंच आहे. अर्धवट पाहिलं तर गैरसमज होतो, पूर्ण उलगडावं लागतं. पण उलगडल्यावर प्रत्येकाला ते फळ गोड लागलंच पाहिजे, असा हुकूम मात्र कव्हरवर नाही.

माझा माज खरा उतरला तो अब्बांमुळं. जेनेसिस सोडल्यावर पीटर गॅब्रिएलनं काय केलं, याचा माग काढत मी त्याच्या १९८९च्या 'पॅशन' अल्बमपर्यंत पोचलो. मार्टिन स्कोर्सेसीच्या सिनेमासाठी केलेलं संगीत. ऐकता ऐकता एक आवाज आला आणि मी ताडकन उठून बसलो. नुसरत फतेह अली खाँ. आमच्या घरातला आवाज! अब्बांच्या दुकानातल्या टेपवर तो वाजून वाजून कॅसेट घासली होती. गॅब्रिएलनं रिअल वर्ल्ड हे लेबल काढून त्यांची कव्वाली जगभर नेली, हे मला तेव्हा कळलं. सुट्टीत घरी गेल्यावर मी अब्बांना हे मोठ्या अभिमानानं सांगितलं, जणू त्यांच्या आवडीला इंग्लंडहून प्रमाणपत्र आणलं होतं. ते हसले. "अरे, ये तो अपने घर में कब का है."

मग मी त्यांना 'क्लोज टू द एज' ऐकवलं. त्यांनी चार मिनिटं सभ्यपणानं ऐकलं आणि विचारलं, "अभी साज मिला रहे क्या?"

मी रागावलो नाही, कारण मला हॉस्टेल आठवलं. तिथं मी एकदा नुसरतची पंचवीस मिनिटांची कव्वाली लावली होती, तर त्याच सीनिअरनं विचारलं होतं, "एकच ओळ किती वेळा म्हणणार रे हा?" एकोणीस मिनिटांचं रॉक कमावलेल्या माणसाला पंचवीस मिनिटांची कव्वाली जड गेली. आणि ज्या अब्बांना अर्धा तास एका मिसऱ्यावर डोलता येत होतं, त्यांना ते रॉक म्हणजे वाद्यं जुळवण्याचा आवाज वाटला. मी अब्बांना विचारलं, तुम्हाला कव्वाली कळायला किती दिवस लागले? ते म्हणाले, "इसमें समझने का क्या है बेटा, सुन सुन के आता."

सुन सुन के आता. माझं म्हणणं एवढंच आहे. सगळीच आवड कमावलेली असते. काही आवडी आपण जाणत्या वयात कमावतो, म्हणून त्यांचे कष्ट लक्षात राहतात. काही पाळण्यात, दुकानात, गल्लीतल्या लाउडस्पीकरखाली कमावतो, म्हणून त्या उपजत वाटतात. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सातच्या मात्रांत आहे, याचं पाश्चात्त्य श्रोत्यांना आजही अप्रूप आहे. आपल्याकडं सात मात्रांचा रूपक ताल भावगीतात वाजतो आणि मान डोलावणाऱ्याला तो मोजावाही लागत नाही. १९७२मध्ये जेथ्रो टलची 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' ही रेकॉर्डच्या दोन्ही बाजू व्यापणारी एकच एक रचना अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तेव्हाचा अमेरिकी तरुण आजच्या तरुणापेक्षा हुशार होता, असं थोडंच आहे? त्याच्या भोवताली तसं संगीत वाजत होतं, त्याचा कान तयार झाला होता.

मग मेहनतीला काही किंमत नाही का? आहे. पहिल्या घासाला थुंकून टाकलं असतं तर मी एका मोठ्या आनंदाला मुकलो असतो. परक्या गोष्टीला दहा संधी द्याव्यात, या मताचा मी आजही आहे. पण त्या दहा संधी देऊनही 'नाही आवडलं' म्हणायचा हक्क शाबूत राहिला पाहिजे. आणि मी दिलेल्या संधींचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडू नये.

गेल्या ईदला भाऊ घरी आला होता. मी त्याला म्हणालो, "तुझा तो 'इनव्हिजिबल टच' मला ऐकायचाय, नीट." त्यानं संशयानं पाहिलं. मी तो अल्बम तेव्हा पूर्ण ऐकलाच नव्हता, एवढं मी सांगून टाकलं. दहा वेळा ऐकायचं ठरवलंय, सहा झाल्यात. त्यात 'डॉमिनो' नावाची दहा मिनिटांहून मोठी, दोन भागांची रचना आहे. म्हणजे मी ज्याला थडगं म्हणालो होतो, त्यात जुनं जेनेसिस चांगलं जिवंत बसलेलं होतं. ती मला आवडली. भावाला ती आवडत नाही. त्याला 'इन टू डीप' आवडतं, ते मला अजून जमलेलं नाही.

चार वेळा बाकी आहेत.