रविवारचा विसावा कोणाचा?

मिस्सा आटोपून घरी आले की मुले मोबाईलवर बीजीएमआय उघडतात, बाबा कॅरमला बसतात. यात पाप शोधणे आम्हांला पटत नाही. दमून आलेल्या प्रेषितांना प्रभूनेच एकांती चलून थोडा विसावा घ्या, असे सांगितले होते (मार्क ६:३१). सप्टेंबर २०२५ मध्ये संत घोषित झालेला कार्लो अकुटिस प्लेस्टेशन खेळायचा. आठवड्यातून एकच तास, हा नियम मात्र त्याने स्वतःच घालून घेतला होता. (वर्गातली मुले पहिले वाक्य लक्षात ठेवतात, दुसरे नाही!)

आमचा प्रश्न वेगळा आहे. निर्गम २०:१० मधला विसावा एकट्या घरधन्याचा नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, वेशीतला परकासुद्धा त्यात आहे. पत्नीचे नाव वेगळे घेतलेले नाही, म्हणून की काय, आपल्या बेळगावच्या घरांत आई रविवारीच जास्त राबते. मटण, आलेगेलेले, मग ढीगभर भांडी.

खेळा, जरूर खेळा. पण आधी भांडी घासून होऊ द्या. तिलाही तासभर भरतकाम करू दे, मैत्रिणीकडे जाऊ दे, नाहीतर नुसते पडू दे. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना एवढेच विचारणार आहोत: काल नव्हे, मागच्या रविवारी, आई किती वाजता बसली?